खालची नळी

रविवार, २ फेब्रुवारी

खोटं बोलले. सरळ, मोठ्याने. आणि तेही त्याच्याशी, अडीच वर्षांनी पहिल्यांदा!

झालं असं की दर रविवारी पाच वाजता त्याचा फोन येतो, आईंना. म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्याच्या आईला. आईंचा कान दुखतो म्हणे, म्हणून फोन स्पीकरवर. अडीच वर्षं एकच कान दुखतोय आणि तोसुद्धा फक्त रविवारी! मी पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांची शिलाई मशिनं पुसत बसते आणि ऐकत नसल्याचं दाखवते.

आज म्हणाला, "आई, ती मोटरसायकल पडून आहे ना, ती नेतो म्हणतो. इथे आता वरपर्यंत रस्ता झालाय. सुरू तर होत नसेलच. महिनाअखेरीला टेम्पो पाठवतो, टेम्पोवाला घेऊन येईल."

टेम्पोवाला येणार. तो नाही.

मी दुकानातून ओरडले, "गाडी सुरू आहे! टेम्पो कशाला? येऊन चालवत ने!"

आईंना वाटलं फोन कट झाला, त्या 'हॅलो, हॅलो' करायला लागल्या. मग म्हणाला, "बरं. येतो मग. दोन मार्चला. रविवार आहे."

गाडी सुरू नाही. तो गेला तेव्हापासून एकदाही झालेली नाही. चार आठवडे आहेत हातात.

सोमवार, ३ फेब्रुवारी

घराशेजारच्या बोळात गाडी उभी आहे. ताडपत्री ओढून काढली. उंदरांनी सीटचा कोपरा कुरतडलाय. चावी फिरवली — काही नाही. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या वॉर्निशसारखा वास. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहा. तोही उकळून उकळून काळा झालेला.

हा माणूस गावांना पाणी पोचवायची नोकरी करतो! पंपहाऊसमधली एकेक नळी त्याला तोंडपाठ. आणि स्वतःच्या गाडीत कूलंट घालायचं सोडून साधं नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. आतून सगळं गंजलंय.

उजव्या मुठीच्या रबरावर त्याच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे. तिथे माझा अंगठा ठेवून बघितला. लहान पडतो.

इथे कोण वाचायला येतंय? लिहूनच टाकते. मला तो हवाय. गाडी गेली खड्ड्यात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मास्तरांना बोलावून आणलं. ते काही शाळेत शिकवत नाहीत, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून मास्तर. गळ्यात दोरीला दोन चष्मे, एक जवळचा, एक त्याहून जवळचा. गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या.

"दोनच गोष्टी बघायच्या," म्हणाले. "पेट्रोल आत नीट गेलं पाहिजे आणि ताप बाहेर नीट आला पाहिजे. तुझ्या गाडीत दोन्ही बंद आहेत."

मग यादी. थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, वरची नळी, खालची नळी. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल, आतला रबरी पडदा, इंजिनला जोडणारा रबरी गळा, तो तर हात लावताच चिरला. बॅटरी, प्लग.

"माझ्याकडे सोड. आठ दिवसांत देतो."

"मी करते. तुम्ही फक्त सांगा."

"तू?"

"तुमच्या सीटकव्हरच्या मशिनचा टाका कोणी बसवला?"

एक चष्मा काढून दुसरा लावला. पुढे म्हणाले, "त्याला सांग ना, तूच ये आणि कर."

म्हणे त्याला सांग! तेवढं सांगता आलं असतं तर काय हवं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

थर्मोस्टॅट काढला. छोटीशी पितळी झडप, स्प्रिंगची. पाणी तापलं की आपोआप उघडते आणि गरम पाण्याला रेडिएटरकडे सोडते. मास्तर म्हणाले, गरम पाण्यात टाकून बघ, उघडते का.

पातेलं घेतलं, उकळत ठेवलं, टाकली. आई मागे येऊन उभ्या.

"काय शिजवतेयस?"

"गाडीचा भाग आहे, आई."

"माझ्या चहाच्या पातेल्यात?"

"उघडतो का बघतेय."

दोघी पातेल्यात डोकावून उभ्या राहिलो. पाणी खळखळा उकळलं. झडप मिटलेली ती मिटलेलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"हट्टी आहे," आई म्हणाल्या. "घरातल्यासारखीच." आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. पातेलं आज तिसऱ्यांदा घासलंय, तरी आईंनी चहा दुसऱ्या भांड्यात केला.

रविवार, ९ फेब्रुवारी

फोन. आईंची औषधं, गुडघे, शेजारच्यांचा कुत्रा. मग — "गाडी ठीक आहे ना?"

आई म्हणाल्या, "मला काय कळतंय गाडीतलं? ती असते दिवसभर तिच्यापाशी."

"दिवसभर?"

मी पेचकस खाली पाडला. मुद्दाम नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कार्ब्युरेटर सोडवून दुकानातल्या टेबलावर घेतला. इथे मला कोण शिकवणार! छोटे स्क्रू, छोट्या स्प्रिंगा, सगळं ओळखीचं. एक जाडी गिऱ्हाईक बाई येऊन म्हणाली, "हे कुठल्या मशिनचं?" म्हटलं, "जुनं मॉडेल आहे." ती समाधानाने गेली.

खालच्या वाटीत हिरवट चिकट राळ. दोन जेट असतात, पितळेचे. आरपार भोक असतं, त्यातून पेट्रोल मोजून जातं. मोठा स्वच्छ झाला. छोट्याचं भोक केसाएवढं, पार बुजलेलं. माझ्या टेबलावर सुयांचे अकरा डबे आहेत. सगळ्यात बारीक सुई घेतली, घातली, फिरवली, जोर दिला, आरपार! उजेडाला धरून बघितलं — काय सुंदर गोल दिसला.

आज स्वतःवर खूश आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

खुशी उतरली.

नवी बॅटरी, नवा प्लग, ताजं पेट्रोल. नळ्या तूर्तास जुन्याच. बटण दाबलं. चौथ्यांदा — सुरू झाली! मी चक्क ओरडले. आणि मग धूर. काळा, दाट, अख्खा बोळ भरला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी धुणं काढून घेतलं आणि जे काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. इंजिन भसाभस पेट्रोल पितंय, गुरगुरतंय, बंद पडतंय. प्लग काढला तर काजळाची डबी.

मास्तरांनी छोटा जेट काढला, त्याहून जवळचा चष्मा लावला.

"याला काय केलंस?"

"साफ केला."

"कशाने?"

मी हात पाठीमागे नेले.

"सुई घातलीस! पितळ आहे ते, बाई! तुझी पोलादाची सुई. भोक मोठं करून ठेवलंस, वर लंबगोल. आता हवं त्याच्या दुप्पट पेट्रोल ओतणार हा." नंतर जरा नरमाईने म्हणाले, "बुजलेलं असलं की घाई करायची नाही. पेट्रोलमध्ये भिजत ठेवायचं. आपोआप सुटतं."

वीस वर्षं सुया हाताळतेय. आणि चूक केली ती सुईनेच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नव्या जेटची वाट बघतेय. पार्टवाल्याला सगळे 'परवा' म्हणतात. काहीही मागा, उत्तर एकच — परवा येईल. आज गेले तर मला बघताच म्हणाला, "परवा."

हातात काम नसलं की डोकं चालतं. ते जेवणाचं ताट आठवलं. त्याची बदली झाली तो दिवस. डोंगरावरचं पंपहाऊस, अडीचशे किलोमीटर. मी वाट बघत होते की तो म्हणेल, चल ना. एवढंच. दुकान गुंडाळून गाडीवर त्याच्या मागे बसले असते. तो म्हणाला, "तुला यायचं असेल तर ये." मी म्हटलं, "तुला राहायचं असेल तर राहा." दोघांनीही पान संपवलं. आई दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या.

भांडण झालं असतं तर मिटलं असतं. भांडण झालंच नाही.

पहिल्या दोन महिन्यांत कपडे गेले, मग पुस्तकं, मग दाढीचं सामान. कोणी ना कोणी येऊन घेऊन गेलं. आई गेल्या नाहीत — "मला डोंगर चढवत नाही," म्हणतात. राहिली गाडी. ती गेली की त्याला या दारात यायला काही निमित्तच उरत नाही. आईंना भेटायचं तर तो त्यांना मामांकडे बोलावून घेतो, मला माहीत आहे. दोनदा घेतलंय.

टाकीवर दोन टिचक्या मारायचा तो, निघायच्या आधी. म्हणजे, नीट धरून बस. मी त्याचा पट्टा धरायचे. तिथवरचं सगळं हाताला अजून आठवतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चालली! नीट, स्वच्छ, एका लयीत. नवा जेट, नवी फ्लोट नीडल, नवा पडदा, नवा गळा. थर्मोस्टॅट नवा, वरची नळी नवी. कूलंट भरला, मास्तरांनी सांगितलं तसं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं, आतली हवा बुडबुड्यांनी निघू दिली. एक हात वरच्या नळीवर. गार. गार. अजून गार. मला वाटलं पुन्हा हट्टी निघाला — आणि एकदम, हाताखाली, नळी तापत गेली. झडप उघडली. पंखासुद्धा आपला आपण फिरायला लागला.

मी बोळातच खाली बसले आणि रडले. मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले, "कूलंट डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. विषारी असतो."

खालची नळी तेवढी राहिली. रेडिएटरपासून पंपापर्यंत जाते, दोन ठिकाणी वाकडी असते, त्यामुळे साधी सरळ नळी चालत नाही. जुनी फुगून मऊ झालीये. "गल्लीत फिरवायला ठीक आहे," मास्तर म्हणाले, "डोंगर चढायला नाही. सोडूच नको त्याला हिच्यावर."

परवा म्हणतो, परवा.

रविवार, २३ फेब्रुवारी

आईंनी फोनवर सगळा अहवाल दिला. गाडीतलं काही कळत नाही म्हणणारी बाई! "सगळं झालंय म्हणते. ती खालची नळी काय ती मिळत नाही म्हणे."

म्हणजे गाडी बंद होती हेही कळलं त्याला. माझं खोटं उघडं पडलं. मी कानकोंडी होऊन बसले.

तो हसला नाही, रागावला नाही. "खालची का? बरं. बघू," म्हणाला. "रविवारी येतोच आहे. सकाळी पोचलो की दुपारपर्यंत निघेन. दोनच दिवस रजा आहे."

दुपारपर्यंत.

महिनाभर राबले ते तो यावा म्हणून. आणि गाडी जितकी चांगली केली तितका तो लवकर निघेल! आधी कसं सुचलं नाही मला?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नळी आली. परवाने स्वतः दुकानात आणून दिली — जन्मात पहिल्यांदा सांगितलेल्या दिवशी! काळी, ताठ, दोन्ही वळणं बरोब्बर.

ती मांडीवर घेऊन बसले. लिहायला लाज वाटते, पण काय मनात आलं ते लिहिते. जुनीच राहू द्यावी, काही बोलू नये. पहिल्या चढावर फुटेल. ढकलत परत येईल.

मग उकळतं पाणी दिसलं. त्याच्या पायावर. स्वतःची किळस आली. उठून तोंड धुतलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

फसवायचं नाही. दाखवायची. ही बघ जुनी, हिच्यावर जाता येणार नाही. आणि नवी? नवी मिळाली नाही. परवा येईल. एवढंच खोटं. त्यात कोणाचा पाय भाजत नाही.

नवी नळी बॉबिनच्या ड्रॉवरमध्ये, तळाला. वर चारशे बॉबिनी.

शनिवार, १ मार्च

कोणती साडी नेसू? छे! गाडीचं काम आहे. जुना सलवार कमीज बरा. निळा. तो निळा जुनाच आहे.

रविवार, २ मार्च

आला.

बसने, अकराला. एका हातात हेल्मेट, खांद्यावर एक बॅग. वाळलाय. दाढीत पांढरं. "कशी आहेस?" म्हणाला. मी म्हटलं, "चहा ठेवते." महिनाभर काय काय ठरवलं होतं बोलायचं!

आईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हटलं, "तिथे कोणी जेवायला घालत नाही का?" आणि बघितलं माझ्याकडे. जसं काही मीच ताट ओढून घेतलं.

चहा पिऊन बोळात गेलो. त्याने बटण दाबलं, पहिल्याच फटक्यात सुरू. डोळे मिटून ऐकत उभा राहिला.

"मास्तरांनी केली?"

"मी केली. मास्तरांनी शिव्या दिल्या फक्त."

हसला. नाकातून हसतो तो. विसरलेच होते मी.

मग वाकला आणि हात नेमका खालच्या नळीवर. दाबून बघितली.

"ही जुनीच."

"मिळाली नाही."

"नाहीच मिळाली?"

"परवा म्हणतोय."

माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी फडक्याची घडी घालत होते, चार वेळा घातली.

"मग परवा बघू," म्हणाला आणि हात पुसले.

मंगळवार, ४ मार्च

परवा उजाडला. मी पिशवी घेऊन पार्टच्या दुकानापर्यंत गेले, बाहेर उभी राहिले, परत आले. "पुढच्या परवा म्हणाला," सांगितलं. किती सहज जमतंय मला हे!

त्याने ऑफिसला फोन लावला, माझ्यासमोरच. "रजा वाढवून हवी होती. गाडीचं काम निघालंय."

गाडीचं काम. गाडीसाठी रजा वाढते! अडीच वर्षांत माझ्यासाठी एक दिवस वाढली नाही.

दुकानातच झोपतो, मशिनांच्या मधे. न्हाणीघरातला नळ वर्षभर गळत होता, तो नीट केला. शटरला तेल घातलं. दुपारी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून बॉबिनी भरून देत होता. भरलेल्या ठेवायला ड्रॉवर उघडायला लागला. "मी ठेवते!" इतक्या जोरात म्हटलं की आतून आईंनी विचारलं, काय सांडलं?

घरात त्याच्या पावलांचा आवाज आहे. तो ऐकत बसते आणि टाके चुकतात.

बुधवार, ५ मार्च

संध्याकाळी दुकान आवरताना म्हणाला, "तिकडे वर शिलाई मशिनं पुष्कळ आहेत. दुरुस्त करणारं कोणी नाही."

"बरं, मग?"

"काही नाही. सांगितलं."

उठून बोळात गेला, गाडी पुसायला. पुसलेलीच गाडी.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. 'बरं, मग?' म्हणे!

पण तोही तसाच. पुढचं वाक्य बोलत नाही. आणि मी काय करतेय? त्याला एका नळीवर अडकवून ठेवलाय. तो गाडीसाठी थांबलाय, मी समजतेय माझ्यासाठी. असा अडवून ठेवलेला माणूस नको मला. उद्या धुणं झालं की ड्रॉवर उघडते, नळी त्याच्या हातात देते. खरं काय ते सांगते. जायचं तर जाऊ दे.

गुरुवार, ६ मार्च

तो आईंना डॉक्टरकडे घेऊन गेला. म्हटलं, नळी दिली की उद्या निघणारच, तर शर्ट तरी धुवून देऊ, म्हणून त्याची बॅग रिकामी केली. तळाला एक पिशवी, तिकडच्या, डोंगराकडच्या पार्टच्या दुकानाचं नाव छापलेली. आत नळी. खालची. नवी कोरी, दोन्ही वळणं बरोब्बर.

येतानाच घेऊन आला होता.

पिशवी होती तशी बॅगेत ठेवली. ड्रॉवर उघडला नाही. शर्ट भिजवले, सगळेच.